शौर्याचा धनी कोण?

शौर्य ज्या पक्षाच्या कामीं आलें, त्या पक्षापासून तें वेगळें काढून त्याची पूजा करतां येते काय? महाभारत वाचतांना भीष्म-कर्णांविषयीं आपलें मन दुभंगतें, तें याच प्रश्नानें. पुराणपुरुषांचा न्याय करण्याची निकड कोणासच नसते. जर्मनीला मात्र २००५ सालीं आपल्या एका वैमानिकापुरता हा प्रश्न सोडवावा लागला.

व्हेर्नर म्योल्डर्स १९१३ सालीं गेल्सेनकिर्खेन येथें जन्मला. विमानांत बसतांच त्याला मळमळ होई. आरंभीं तो वैमानिक होण्यास अपात्रच ठरला होता. केवळ निग्रहानें त्यानें हा देहधर्म जिंकला. १९३८ सालीं, फ्रँकोच्या साहाय्यार्थ हिटलरनें धाडलेल्या 'काँडॉर' पथकांत तो स्पेनला गेला व १४ विमानें पाडून परतला. हाताच्या चार बोटांच्या टोकांप्रमाणें मागेंपुढें राहून चार विमानांनीं उडण्याची जी रचना त्यानें तेथें सिद्ध केली, ती पुढें शत्रूंनींही उचलली. दुसऱ्या महायुद्धांत शंभर विमानें पाडणारा तो पहिला वैमानिक. अठ्ठाविसाव्या वर्षीं तो साऱ्या लढाऊ विमानदळाचा प्रमुख झाला. हाताखालचे लोक त्याला 'बाबा' म्हणत. २२ नोव्हेंबर १९४१ रोजीं, सेनापति उडेट याच्या अंत्ययात्रेस प्रवासी म्हणून येत असतां ब्रेस्लाऊ येथें विमान कोसळून तो मरण पावला.

त्याच्या नांवाला मात्र विश्रांति मिळाली नाहीं. नाझींनीं एका विमानपथकास तें दिलें. तो निष्ठावंत कॅथलिक होता हें हेरून ब्रिटिशांनीं १९४२ सालीं त्याच्या नांवानें एक बनावट पत्र पसरविलें. युद्धानंतर पश्चिम जर्मनीनें एक युद्धनौका, एक छावणी व एक विमानपथक त्याच्या नांवें केलें. पुढें १९९८ सालीं जर्मन लोकसभेनें ठरविलें कीं, काँडॉर पथकांतील लोकांचा असा गौरव होऊं नये. त्यानुसार २००५ सालीं छावणी व विमानपथक यांवरून तें नांव उतरलें.

आक्षेप घेणाऱ्यांचें म्हणणें पोकळ नव्हतें. काँडॉर पथकानें गेर्निका गांव जाळलें तें एप्रिल १९३७ मध्यें; म्योल्डर्स तेथें पोंचला वर्षभरानें. न केलेलें पाप कोणाच्या माथीं मारणें हा न्याय नव्हे, हें आम्हांस मान्य आहे.

परंतु लढाऊ वैमानिकाचें काम काय, याचा थोडा विचार करावा. तो आकाश मोकळें करतो. मोकळ्या झालेल्या आकाशाखालून काय जातें, हें त्याच्या हातीं राहत नाहीं. १९४१ सालीं रशियावर चालून गेलेल्या जर्मन सैन्याच्या पाठोपाठ ज्यू लोकांची कत्तल करणाऱ्या टोळ्या गेल्या. त्या सैन्याच्या माथ्यावरचें आकाश म्योल्डर्ससारख्यांनीं राखलें होतें. शौर्य हें असें वाट मोकळी करणारें बळ आहे. त्या वाटेनें कोण जाणार हें शौर्य स्वतः ठरवीत नाहीं. म्हणूनच त्याला धनी लागतो, आणि धन्याच्या कर्माचा डाग त्याला चुकत नाहीं.

येथें कोणी म्हणेल, मृतास ही शिक्षा कशासाठीं? आमच्या मतें ही शिक्षाच नव्हे. एखाद्याचें नांव छावणीवर लिहिणें म्हणजे तेथें येणाऱ्या प्रत्येक तरुणास 'याच्यासारखा हो' असें सांगणें होय. निग्रह, कौशल्य व सोबत्यांवरील माया यांत म्योल्डर्ससारखें व्हावें, हें खरेंच, पण 'कोणासाठीं?' हा प्रश्न न विचारण्यांतही त्याच्यासारखें व्हावें काय? पराक्रमाच्या कथा ऐकून आमचेंही ऊर भरून येतें; म्हणूनच हा प्रश्न आम्ही आधीं स्वतःस विचारतों.

ती युद्धनौका २००३ सालीं सेवेंतून निघाली व आतां व्हिल्हेल्म्सहाफेन येथील संग्रहालयांत उभी आहे. तिच्यावरचें नांव कायम आहे. आम्हांस यांत विसंगति दिसत नाहीं. संग्रहालय आठवण ठेवतें, छावणी आदर्श ठेवते. आणि आठवणीस योग्य असलेला प्रत्येक शूर पुरुष आदर्शास योग्य असतोच असें नाहीं.