बसून सहा

न्हाणीघरातला वजनकाटा गॅरेजमध्ये आणला आणि घरच्या सगळ्यांना बूट-जाकीट घालून, प्रवासाला निघाल्यासारखं, एकेक करून त्यावर उभं केलं. मी ८२ किलो, बायको ६४, मुलगी ४६, मुलगा ३०, बाबा ७१. आई काही चढेना. शेवटी चढली ती देवांचा डबा हातात घेऊन. "तो खाली ठेव," म्हटलं. "का? देव काय चालत येणारेत?" ती ५८ भरली. विठोबा-रखुमाई, बाळकृष्ण आणि निरांजन मिळून साडेतीन.

माणसांची बेरीज ३५१.

आम्ही ओहायोतल्या डेटनला राहतो. धाकटा भाऊ न्यू जर्सीत, एडिसनला. गाडीने नऊ-दहा तास लागतात आणि बाबांचे गुडघे चौथ्या तासालाच संप पुकारतात. आजवर मी चार आसनांचं विमान भाड्याने घेऊन उडवत आलो. आई-बाबा मिरजेहून कायमचे इकडे आले तेव्हा ठरवलं, जुनं का होईना, सहा आसनांचं घ्यायचं.

पहिलं मन बसलं ते बीचक्राफ्ट बोनान्झा ए-३६ वर. देखणं विमान. चाकं पोटात घेतं, एडिसनला तीन तासांच्या आत नेतं. पण मी पाहिलेलं विमान रिकाम्या वजनावर साधारण ५४५ किलो उचलणारं होतं. टाक्यांत २८० लिटर पेट्रोल भरलं की त्यातले २०० किलो संपले. उरले ३४५. म्हणजे सहा आसनं आहेत, सहा माणसं आहेत, पण टाक्या भरल्या तर माणसंच सहा किलो जास्त होतात. पेट्रोल कमी घेतलं तर माणसं मावतात आणि वर वीस-पंचवीस किलो सामान, देव धरून. उडवणाऱ्यांना यात नवल नाही. सहा आसनी म्हणजे चार माणसं आणि त्यांच्या बॅगा, असंच इथे सगळे धरून चालतात.

बाबांना हे पटेना. ते एसटीत कंडक्टर होते. "आसनं सहा लावलीत ना? मग?" रात्रीच्या शेवटच्या गाडीला स्टँडवर माणूस मागे ठेवायचा नाही, हा त्यांचा नोकरीभराचा धर्म. पुढे सरका, पुढे सरका म्हणत त्यांनी गाडीत किती माणसं रेटली असतील, देव जाणे. पुष्पक विमानाबद्दल सांगतात की कितीही जण बसले तरी एक जागा रिकामीच राहायची. ती कल्पना एखाद्या कंडक्टरलाच सुचली असावी. मला मात्र सहा किलोंसाठी कुणाला तरी खाली उतरवायचं होतं, आणि ते अधर्म वाटत नव्हतं. वाटायला हवं होतं का?

आकडेमोडीत आणखी एक गोष्ट निघाली, ती मला कित्येक रात्री झोपू देईना. वजन किती एवढंच पाहून भागत नाही, ते कुठे आहे हेही पाहावं लागतं. बोनान्झाच्या टाक्या पंखांच्या पुढच्या भागात असतात. पेट्रोल जळतं तसा पुढचा भार कमी होतो आणि विमानाचा गुरुत्वमध्य हळूहळू मागे सरकतो. निघताना सगळं नियमात असतं; उतरताना, मागच्या ओळीत माणसं असतील तर, नियमाबाहेर गेलेलं असू शकतं. मागे बसलेल्यांचं वजन गुंजभरही वाढलेलं नसतं. आमच्या कागदावर मागच्या ओळीत आई-बाबा होते. मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे. तो आलेख पाहताना विमानाचाच विचार करत होतो असं म्हणणं खोटं ठरेल.

आईला विचारलं, "भीती वाटते का?" ती म्हणाली, "तू आहेस ना." मिरजेत हेच वाक्य ती विठोबाच्या तसबिरीकडे बघून म्हणायची. गीतेच्या नवव्या अध्यायात देव भक्तांचा योगक्षेम वाहण्याचं आश्वासन देतो, पण किती किलोपर्यंत ते सांगत नाही. त्याला सांगायची गरज नाही. मला आहे. देवावर भार टाकणं ही श्रद्धा, हे मला कळतं. पण तोच भार एका इंजिनाच्या विमानात बसलेल्या मुलावर टाकला तर ती श्रद्धा राहते, की तिचं ओझं होतं? नऊ वर्षांच्या पोराची संमती तर मी विचारलेलीही नाही. त्याने काट्यावर उडी मारून स्वतःचं वजन ४० दाखवलं होतं.

डेटन हे राइट बंधूंचं गाव. घरापासून जवळच हफमन प्रेअरी आहे, ते जिथे उडायला शिकले ते कुरण. त्यांचे वडील मिल्टन राइट चर्चमध्ये बिशप होते. दोघांनी कधी एकत्र उडायचं नाही, असं त्यांनी मुलांना बजावलेलं. एकाला काही झालं तर काम पुढे न्यायला दुसरा उरावा म्हणून. आयुष्यभर देवावर भरवसा ठेवा म्हणून सांगत आलेला माणूस, आणि हा हिशेब! मला त्यात विसंगती वाटत नाही, उलट धीर येतो. २५ मे १९१० रोजी त्यांनी परवानगी दिली आणि दोघं भाऊ एकदाच, काही मिनिटं, एकत्र उडाले. त्याच दिवशी ऑर्व्हिलने ८१ वर्षांच्या वडिलांना वर नेलं. घाबरणं दूरच, म्हातारा त्याला आणखी वर ने म्हणत होता.

ही गोष्ट जेवताना सांगितली. आई म्हणाली, "पोरांना एकत्र जाऊ दिलं नाही, मग स्वतः कसा बसला?"

"त्याची शेवटची ट्रिप राहिली होती," बाबा म्हणाले आणि भाताला हात घातला.

शेवटी पायपर चेरोकी सिक्स पाहिलं, १९७८ सालचं. चाकं बाहेरच लटकलेली, वेग कमी, रूप मालवाहू टेम्पोचं. पण उचलतं ६८० किलो. टाक्या भरून, आम्ही सहाही बसून वर शंभर किलो उरतात. इंजिन आणि केबिन यांच्यामध्ये सामानाचा कप्पा आहे आणि मागे मोठं दार, त्यामुळे बाबांना पंखावर चढावं लागत नाही. एडिसनला पाऊण तास उशिरा पोचू. एडिसनची किराणा दुकानं आणि परतीचा समोरचा वारा, दोन्ही धरून हिशेब बसला.

विकणाऱ्याबरोबर पहिली फेरी मारली. पुढे आम्ही दोघंच, मागची चारही आसनं रिकामी. उतरताना नाक इतकं जड लागलं की ते उचलून धरता धरता मनगट भरून आलं. मालक हसला. म्हणाला, हे विमान रिकामं नीट उतरत नाही. मी एकटा असलो की मागे पाण्याचे कॅन बांधून ठेवतो.

दुसऱ्या फेरीला मी कॅन घेतले नाहीत, बाबांना घेतलं. शेवटच्या ओळीत बसवलं, पट्टा आवळला, दार दोनदा तपासलं. पुढे येऊन बसलो, इंजिन सुरू केलं, कानांवर हेडफोन चढवले. वळून पाहिलं तर बाबा आसनं मोजत होते, पुढून मागे, बोटाने. मग त्यांनी छताकडे हात नेला. तिथे दोरी नव्हती. क्षणभर हात तसाच राहिला, आणि मग त्यांनी बोटांच्या पेरांनी छतावर दोनदा ठोकलं.