थकलेली बिले आणि नव्या कंपन्या

तंत्रज्ञानाच्या क्षेत्रातल्या नव्या कंपनीची बातमी आपल्याकडे बहुधा एकाच साच्यात येते. अमुक कंपनीला इतके कोटी मिळाले, आता तिचे मूल्य इतके झाले. हे मिळालेले पैसे कमावलेले नसतात, पुढच्या कमाईच्या भरवशावर कोणीतरी दिलेले असतात, एवढा खुलासाही बातमीत नसतो. यातून एक समजूत घट्ट झाली आहे की नव्या उद्योगाचा मुख्य आजार म्हणजे भांडवलाची टंचाई. सरकारी योजना याच निदानावर उभ्या आहेत. मराठी माणूस धंद्यात मागे का, या विषयावर दरवर्षी होणारी व्याख्यानेही ‘आपल्याकडे भांडवल नव्हते’ इथेच येऊन थांबतात; त्यांत वसुली हा शब्द क्वचितच ऐकू येतो. माझे म्हणणे असे की हे निदान अर्धवट आहे. अंधेरी, पवई, घाटकोपर, गोरेगाव या पट्ट्यात गेल्या चाळीस वर्षांत ज्या तंत्रज्ञान कंपन्या उभ्या राहिल्या किंवा कोसळल्या, त्यांच्याकडे पाहिले तर भांडवलापेक्षा दुर्मीळ अशी दुसरीच गोष्ट दिसते. नवख्याकडून माल घेणारे आणि त्याचे पैसे वेळेवर देणारे गिऱ्हाईक. ते नसते तेव्हा त्याची जागा गुंतवणूकदाराचा पैसा घेतो, आणि अशा पैशावर कंपनी चालते ती गुंतवणूकदाराच्या वेळापत्रकाने.

सुरुवात जुन्या उदाहरणाने करू. अंधेरी पूर्वेला १९७३ मध्ये सीप्झ हे निर्यात क्षेत्र उभे राहिले. ते मुख्यतः इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी होते, पण पुढे टाटा, पटणी, मास्टेक अशा सॉफ्टवेअर कंपन्यांचा वावर तिथेच वाढला. त्याच सीप्झमध्ये सिटी बँकेची सॉफ्टवेअर शाखा होती. नव्वदच्या दशकाच्या आरंभी तिच्यातून एक वेगळी कंपनी निघाली. राजेश हुक्कू तिचे प्रमुख, दीपक घैसास त्यांचे सहकारी. हीच पुढची आय-फ्लेक्स. परदेशी गिऱ्हाइकाला तासाच्या हिशेबाने माणसे पुरवण्याऐवजी बँकेचा सगळा कारभार चालवणारे तयार सॉफ्टवेअर विकायचे, असा तिचा हट्ट होता. त्या काळी भारतीय कंपनीकडून असे उत्पादन कोण घेणार? या प्रश्नाचे उत्तर कंपनीच्या जन्मातच होते. सिटी बँकेच्या कामातून ते सॉफ्टवेअर तावूनसुलाखून निघालेले होते, आणि ‘आधी कुठे चालवून दाखवले आहे?’ या खरेदीदाराच्या पहिल्या प्रश्नाला दाखवायला नाव होते. त्या बळावर ते विकसनशील देशांतल्या बँकांना विकले गेले, मग मोठ्यांना. २००२ मध्ये शेअर बाजारात नोंदणी झाली. २००५ मध्ये ओरॅकलने सिटीग्रुपकडचा सुमारे ४१ टक्के हिस्सा ५९ कोटी ३० लाख डॉलरना घेतला. या कहाणीत भांडवल होतेच, पण ज्याने ते दिले तोच खरेदीदारही होता.

त्याच्या शेजारी पवईची २०१२ ते २०१७ ही पाच वर्षे ठेवून पाहावीत. आयआयटीच्या बारा तरुणांनी हाउसिंग डॉट कॉम सुरू केली. मुंबईत भाड्याचे घर शोधताना होणारी फसवणूक त्यांना ठाऊक होती, आणि नकाशावर प्रत्यक्ष पाहून नोंदवलेली घरे दाखवण्याची कल्पना उत्तमच होती. घर शोधणारे लाखोंनी आले, पण ते पैसे देणारे नव्हते. पैसे द्यायचे होते बिल्डर आणि दलालांनी. त्यांच्याकडची कमाई रुजायच्या आधीच, डिसेंबर २०१४ मध्ये, जपानच्या सॉफ्टबँकेच्या पुढाकाराने ९ कोटी डॉलर आले. एवढा पैसा शांतपणे बाजूला ठेवण्यासाठी कोणी देत नाही. जाहिराती झाल्या, फलक लागले, माणसे घेतली. जुलै २०१५ मध्ये संचालक मंडळाने संस्थापक-मुख्याधिकारी राहुल यादव यांना दूर केले आणि जानेवारी २०१७ मध्ये कंपनी याच धंद्यातल्या प्रॉपटायगरमध्ये विलीन झाली. वर्तमानपत्रांनी ही गोष्ट एका तापट तरुणाची म्हणून रंगवली. मला ते सोपे वाटते. त्याच पवईत टायनीआउल नावाची जेवण मागवण्याची कंपनी होती. तिथला स्वभावदोष कोणी चघळला नाही, तरी नोव्हेंबर २०१५ मध्ये नोकरकपात झाली तेव्हा पुण्याच्या कार्यालयातल्या कर्मचाऱ्यांनी देणे मिळेपर्यंत एका सहसंस्थापकाला बाहेर पडू दिले नाही. माणसे वेगळी आणि धंदे वेगळे असूनही शेवट सारखाच होत असेल, तर कारण स्वभावात नसून पैशाच्या जातीत शोधावे लागते.

ही जात समजून घेतली पाहिजे. साहसभांडवलाचा फंड स्वतःही दुसऱ्यांचा पैसा घेऊन चालतो आणि दहा वर्षांच्या आसपास त्याला तो नफ्यासह परत करायचा असतो. वीस-पंचवीस कंपन्यांपैकी बहुतेक बुडणार हे गृहीत धरून दोन-तीन कंपन्या सगळ्यांची भरपाई करतील, असा त्याचा हिशेब असतो. म्हणून त्याला हळूहळू पण नक्की वाढणारी कंपनी नको असते, बुडाली तरी चालेल पण फुटली तर आभाळाला भिडेल अशी हवी असते. यात लबाडी काही नाही, तो त्या धंद्याचा नियमच आहे. मात्र फंडाला पंचवीस डाव मिळतात आणि संस्थापकाला एकच. बोरिवलीच्या दोन खोल्यांच्या घराचे हप्ते भरणाऱ्या कुटुंबातल्या मुलीने किंवा मुलाने ही कंपनी काढली असेल, तर तो डाव घरादाराचा असतो. बँकेकडे जावे तर ती तारण मागते आणि तारण म्हणजे पुन्हा तेच घर. लहान उद्योगांसाठी २००० पासून आणि स्टार्टअपसाठी २०२२ पासून सरकारी पतहमी योजना आहेत, पण शाखेच्या मॅनेजरला हमीपेक्षा फ्लॅटची कागदपत्रे अधिक धीर देतात.

कर्जाची गोष्ट निघाली म्हणून घाटकोपरकडे वळतो. औषधे ऑनलाइन विकणाऱ्या फार्मइझीचे धर्मिल शेठ आणि धवल शहा हे घाटकोपरचे मित्र. इथे गिऱ्हाईक नव्हते असे म्हणता येणार नाही. मधुमेहाच्या गोळ्या दरमहा लागतातच. पण सवलतीवर आलेले गिऱ्हाईक सवलतीपुरतेच असते. जून २०२१ मध्ये, पैसा स्वस्त असताना, कंपनीने थायरोकेअर या रोगनिदान कंपनीचा सुमारे ६६ टक्के हिस्सा ४,५४६ कोटी रुपयांना घ्यायचे ठरवले, आणि त्यासाठी कर्जही काढले. नोव्हेंबरमध्ये ६,२५० कोटींच्या शेअर विक्रीचा मसुदा सेबीकडे गेला. पुढच्या वर्षी जगभर व्याजदर चढले आणि ऑगस्ट २०२२ मध्ये मसुदा मागे घ्यावा लागला. डोक्यावरचे कर्ज फेडण्यासाठी २०२३ मध्ये हक्कभाग विक्री झाली ती आधीच्या भावाच्या साधारण दहाव्या हिश्श्याने. यातली खोच अशी की जी कंपनी विकत घेतली ती डॉ. ए. वेलुमणी यांनी भाभा अणुसंशोधन केंद्रातली नोकरी सोडून, भविष्यनिर्वाह निधीच्या पैशांवर, १९९६ मध्ये सुरू केलेली होती. नमुना आला की तपासणी आणि तपासणी झाली की पैसे, या साध्या चक्रावर ती वाढली. नफ्यातली ही कंपनी घेण्यासाठी तोट्यातल्या कंपनीने कर्ज काढले.

आता मूळ मुद्दा. उपनगरातली एखादी आठ-दहा जणांची कंपनी घ्या. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत भाड्याचा गाळा, बँकांना किंवा इस्पितळांना लागणारे काहीतरी सॉफ्टवेअर. मुंबईत असण्याचा फायदा हा की बँका, विमा कंपन्या, औषध कंपन्या, इस्पितळे सगळी लोकलच्या किंवा मेट्रोच्या अंतरावर आहेत. भेटही मिळते. पण भेटीनंतर फुकटातला प्रायोगिक वापर म्हणजे पायलट, मग सुरक्षेच्या प्रश्नावल्या, मग वेंडर नोंदणी, मग मागच्या तीन वर्षांच्या उलाढालीचा दाखला. एवढे सोपस्कार पार करून खरेदीची ऑर्डर म्हणजे पीओ हातात येते आणि काम झाल्यावर बिल ‘पास व्हायला’ जाते. तिथून पुढे कंपनीचे आयुष्य त्या खात्यातल्या कोणाच्या तरी सहीवर असते. दरमहा एक तारखेला पगार, वीस तारखेला जीएसटी विवरणपत्र. बिल फाडले की कर भरायचा, पैसे आले नसले तरी. ही मधली खिंड भरून काढायला जो पैसा लागतो त्यालाच आपण बहुतेक वेळा ‘फंडिंगची गरज’ म्हणतो. स्पष्टच बोलायचे तर स्टार्टअपमध्ये पैसा घालणारा अनेकदा नव्या शोधाला पैसा पुरवत नसतो; एका बड्या, नफ्यातल्या कंपनीच्या उधारीला पुरवत असतो, आणि त्या बदल्यात लहान कंपनीचा हिस्सा घेत असतो.

कायदा नाही असे नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. इतके कडक व्याज लावणारे कलम असून ते मागणारा लहान उद्योजक विरळा, कारण मागितले की पुढची ऑर्डर गेली. म्हणून सरकारने आयकराच्या वाटेने प्रयत्न केला. ४३ब(एच) हे कलम १ एप्रिल २०२४ पासून लागू झाले : ठरल्या मुदतीत पैसे दिले नाहीत तर त्या वर्षी तो खर्च वजा मिळणार नाही. पुरवठादाराला तक्रार करावी लागत नाही, खरेदीदाराचा चार्टर्ड अकाउंटंटच मागे लागतो. पैशांच्या एवढ्या योजनांपेक्षा हे एक कलम मला अधिक शहाणपणाचे वाटते. त्यावर व्यापाऱ्यांचा आक्षेप होता की मोठे खरेदीदार नोंदणीकृत लहानांना सोडून मोठ्यांकडे वळतील. भीती खोटी नाही. पण पैसे उशिरा देण्याची मुभा असेल तरच जो आपल्याकडून घेतो, त्याच्याकडून आपण खरे तर स्वतःच्या खिशातूनच ऑर्डर विकत घेत असतो.

याहून वजनदार आक्षेप दोन आहेत. पहिला : काही धंदे गिऱ्हाइकाच्या पैशावर उभे राहूच शकत नाहीत. २०१० मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ओलाने एकेक भाडे कमावत टॅक्सी वाढवायच्या म्हटले असते तर ती कधीच दिसेनाशी झाली असती. जिथे गाड्या जास्त तिथे प्रवासी आणि जिथे प्रवासी तिथे गाड्या, अशा धंद्यात आधी पैसा ओतावाच लागतो. हे मान्य. पण असे धंदे मोजके असतात, आणि त्यांचा नियम बँकांना सॉफ्टवेअर विकणाऱ्यालाही लावला जातो ही तक्रार आहे. दुसरा आक्षेप अधिक बोचरा : एका गिऱ्हाइकावर विसंबलेली कंपनी म्हणजे ठेकेदारच. आयडियाफोर्ज पाहा. आयआयटी मुंबईच्या तरुणांनी २००७ मध्ये काढलेली, पवईच्या ‘साइन’ या केंद्रात वाढलेली ड्रोन कंपनी. डीआरडीओबरोबर केलेले ‘नेत्र’ ड्रोन २०१३ च्या उत्तराखंडच्या पुरात वापरले गेले. पण २०१४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने नागरी ड्रोनवर बंदीच घातली आणि देशातला खासगी बाजार काही वर्षे कायद्यानेच बंद राहिला. उरले लष्कर आणि पोलीस. २०२० च्या सीमेवरच्या तणावानंतर, जानेवारी २०२१ मध्ये, लष्कराची मोठी ऑर्डर मिळाली. २०२३ च्या जुलैत ६७२ रुपयांचा शेअर बाजारात पहिल्याच दिवशी जवळजवळ दुपटीला गेला. मग सरकारी ऑर्डरी लांबल्या, २०२४-२५ मध्ये उत्पन्न जवळपास निम्म्यावर आले आणि कंपनी तोट्यात गेली. गिऱ्हाईक पाहिजे म्हणता, हे घ्या गिऱ्हाईक, असे कोणी म्हणू शकेल.

मला यातून उलटाच निष्कर्ष दिसतो. सोळा वर्षे ही कंपनी टिकली ती ड्रोन विकून. पडली ती एकच खरेदीदार असल्यामुळे, आणि तो एकच का होता याचे उत्तर २०१४ च्या त्या बंदीत आहे. २०२१ चे ड्रोन नियम सात वर्षे आधी आले असते तर खाणी, वीजवाहिन्या, शेती, जमीन मोजणी हे खरेदीदार तेव्हाच तयार झाले असते. म्हणजे सरकारने द्यायची मदत अनुदानापेक्षा वेगळी होती : बाजार उघडा ठेवणे आणि स्वतः नीट खरेदी करणे. २०१६ च्या स्टार्टअप इंडिया योजनेने सरकारी निविदांतल्या पूर्वानुभव आणि उलाढालीच्या अटी नव्या कंपन्यांना शिथिल करता येतील असे सांगितले. करता येतील, कराव्याच लागतील असे नव्हे. आणि ज्या अधिकाऱ्याची खरेदी उद्या लेखापरीक्षणात तपासली जाणार, तो नवख्याला ऑर्डर देऊन नसती आफत कशाला ओढवून घेईल? मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा होता. पाणीगळती शोधण्यापासून कचऱ्याच्या गाड्यांच्या मागापर्यंत तिला लागणारे तंत्रज्ञान तिच्याच विक्रोळी-अंधेरीच्या वॉर्डांत तयार होऊ शकते. त्यातला अगदी लहान हिस्सा नव्या कंपन्यांकडून खरेदीसाठी राखला आणि त्याची बिले महिन्यात चुकती केली, तर त्याचे काम कोणत्याही बीजभांडवल योजनेहून मोठे होईल.

खासगी खरेदीदारांसाठी यंत्रणा तयारच आहे. ट्रेड्स या मंचावर पुरवठादाराचे बिल चढते, खरेदीदार ते मान्य करतो, बँका बोली लावतात आणि पुरवठादाराला काही दिवसांत पैसे मिळतात. तारण लागत नाही, कंपनीचा हिस्सा द्यावा लागत नाही, व्याजही बड्या खरेदीदाराच्या पतीनुसार लागते. नोव्हेंबर २०२४ च्या अधिसूचनेने २५० कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना या मंचावर नोंदणी सक्तीची केली. आधी ही मर्यादा ५०० कोटी होती. सक्ती नोंदणीची आहे. तिथे चढलेले बिल मान्य करायचे की नाही, हे अजून खरेदीदाराच्या मर्जीवर आहे.