दुःखाचा प्रसाद

देवदर्शनाच्या रांगेत उभा असलेला भाविक हातात नारळ, फुले आणि पेढे घेऊन येतो. त्याबरोबर डोळ्यांना न दिसणारे एक ओझेही तो आणीत असतो. कोणाच्या घरी दीर्घ आजार असतो, कोणाचे शेत पावसाअभावी करपलेले असते, कोणाचे जिवाभावाचे माणूस अकाली गेलेले असते. गाभाऱ्यासमोर हात जोडताना ‘हे माझ्याच वाट्याला का?’ असा प्रश्न मनात उमटतो. तो विचारण्यात अश्रद्धा नाही. आपले गाऱ्हाणे मनुष्य आपल्या माणसाकडेच मांडतो.

या प्रश्नाला एक उत्तर सर्रास दिले जाते. दुःख ही ईश्वराची देणगी आहे, ती आनंदाने स्वीकारावी. उत्तर थोर आहे. परंतु ते कोणी कोणाला द्यावे, याचा विवेक हवा. श्रीमद्भागवताच्या प्रथम स्कंधात कुंतीमाता श्रीकृष्णाकडे संकटेच मागते, कारण संकटात त्याचे दर्शन घडते असा तिचा अनुभव होता. हे मागणे तिने वैधव्य, लाक्षागृह, पुत्रांचा वनवास आणि महायुद्ध सोसल्यानंतर मागितले, आणि स्वतःच्या मुखाने मागितले. त्याच अध्यायात अभिमन्यूची विधवा उत्तरा भयाने व्याकुळ होऊन श्रीकृष्णाला शरण येते. तिला मात्र कोणी संकटाची थोरवी ऐकवीत नाही. भगवंत तिच्या गर्भाचे रक्षण करतो. स्वतःच्या दुःखाला देणगी म्हणणे ही भक्ती होय. दुसऱ्याच्या दुःखाला देणगी म्हणणे ही बहुधा निष्ठुरता होय; तेथे रक्षण आणि साहाय्य हाच धर्म.

मग दुःखाला देणगीचे रूप येते तरी कसे? मंदिरातील नित्याचाच व्यवहार याचे उत्तर देतो. दुकानातून घेतलेला पेढा हा केवळ पेढा असतो. देवापुढे ठेवला की तो नैवेद्य होतो आणि परत हाती आला की प्रसाद होतो. पदार्थ तोच राहतो. त्यावरचा ‘माझे’ हा शिक्का तेवढा पुसला जातो. शिवाय प्रसाद एकट्याने खाण्याची रीत नाही. तो घरी नेऊन, शेजारीपाजारी वाटायचा असतो. दुःखाचेही तसेच आहे.

श्री तुकाराम महाराजांचे चरित्र याची साक्ष देते. देहूच्या या सधन वाण्याच्या घरावर इ.स. 1630-31 च्या भीषण दुष्काळात आकाश कोसळले. व्यापार बुडाला, पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगाही गेला. अशा आघाताने मनुष्य जगावर रुष्ट झाला असता तर त्याला दोष देता आला नसता. परंतु तुकोबांनी कर्जखतांतील आपला वाटा इंद्रायणीत बुडवून टाकला, असे परंपरा सांगते. उपासमार म्हणजे काय हे ज्याने घरात पाहिले, त्याला दुसऱ्याच्या दारात वसुलीसाठी उभे राहणे शक्य राहिले नाही. दुष्काळाने त्यांचे घर रिकामे केले. त्या रिकाम्या जागी त्यांनी अवघ्या जनांना थारा दिला. त्यांचे जीवितकार्य त्या जखमेतूनच उगवले.

अलीकडच्या काळातील उदाहरण डॉ. आनंदीबाई जोशी यांचे. चौदाव्या वर्षी त्यांना पुत्र झाला आणि योग्य वैद्यकीय उपचारांअभावी अवघ्या काही दिवसांत तो गेला. त्या काळी स्त्रिया पुरुष डॉक्टरकडे जाण्यास संकोचत. अनेक जणी उपचारांवाचूनच राहत. आपल्यावर आले ते इतर स्त्रियांवर येऊ नये, या निश्चयाने आनंदीबाई सातासमुद्रापलीकडे गेल्या आणि 1886 मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांनी मिळविली. कोल्हापूर संस्थानाने त्यांची नेमणूकही केली होती. परंतु क्षयाने शरीर पोखरले होते. 1887 च्या फेब्रुवारीत, वयाची बावीस वर्षेही पूर्ण होण्यापूर्वी, त्यांचे निधन झाले. रुग्णसेवेचे स्वप्न अपुरेच राहिले. म्हणून त्यांचे जीवित निष्फळ म्हणावे काय? तसे कोणी म्हणत नाही. त्यांनी चालून दाखविलेली वाट पुढील स्त्रियांसाठी खुली राहिली. जीवनाचा हेतू फळावरून मोजला जात नाही, तो दिशेवरून ओळखला जातो.

प्रत्येकाने एवढे मोठे कार्य उभारावे असे नाही. ज्याने रुग्णालयाच्या ओसरीवर रात्री काढल्या, त्याने तेथे नव्याने आलेल्या घाबऱ्या नातेवाइकाला चार घास द्यावेत, औषधांची खिडकी दाखवावी. ज्याचे शिक्षण पैशांअभावी सुटले, त्याने एका मुलाची वह्यापुस्तके घ्यावीत. जिने एकटेपण भोगले, तिने शेजारच्या वृद्धेचे दार रोज एकदा ठोठवावे. या सेवेने गेलेले माणूस परत येत नाही आणि दुःख संपूर्ण सरतही नाही. मात्र ते व्यर्थ गेले, ही बोच उरत नाही. ज्यांची जखम अजून ओली आहे, त्यांनी घाई करू नये. देवापुढे मुक्तपणे रडणे हीदेखील पूजाच आहे.

दर्शन घेऊन परतताना भाविकाच्या हाती प्रसादाची पुडी असते. मनातील ओझेही क्षणभर देवाच्या पायरीवर ठेवावे आणि ‘यातून कोणाच्या उपयोगी पडू?’ एवढेच विचारावे. ‘माझ्याच वाट्याला का?’ या प्रश्नाचे उत्तर कदाचित कधीच मिळणार नाही. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र बहुधा घराच्या वाटेवरच भेटते. ते ओळखण्याची दृष्टी सर्वांना लाभो, हीच श्रीचरणी प्रार्थना.