किती पडलं?

आपल्या बायकांच्या बोलण्यात एक प्रश्न दिवसातून दहा वेळा तरी येतो. किती पडलं? साडी असो, मिक्सर असो, मुलीच्या शिकवणीची फी असो, नाहीतर कुणाच्या वास्तुशांतीला पाहिलेलं नवं घर असो. गणपत गल्लीतून भाजी घेऊन परतताना, बस्तीत दर्शन आटोपून पायरीवर चप्पल शोधताना, हळदीकुंकवाचं वाण हातात घेताना हा प्रश्न निघतोच. उत्तर मात्र खरं येईलच असं नाही.

साडी अठराशेची असेल तर घरी नवऱ्याला सांगताना ती बाराशेची होते. तीच साडी जावेला सांगताना अडीच हजारांची होते. शेजारणीला सांगताना पुन्हा अकराशेची, कारण तिथं आपली हुशारी दाखवायची असते, "घासाघीस केली की मी, सोडते काय!" एकाच साडीच्या तीन किमती आणि तिन्ही खोट्या. यात कुणाचं काय बिघडलं, असं आपण म्हणतो. साडीपुरतं म्हणायचं तर फारसं काही बिघडत नाही. पण साडीवर लागलेली सवय साडीपाशी थांबत नाही.

"पडलं" हा शब्दही बघण्यासारखा आहे. "किती दिले?" असं विचारलं तर कुणी दिले हेही सांगावं लागतं. "पडलं" म्हटलं की जसा पाऊस पडतो तसा खर्च पडतो. तो कुणाच्या अंगावर पडला, हे कुणी विचारत नाही.

आमच्याकडे चातुर्मासात प्रवचनाला विकथेचा विषय निघाला की पुरुषांच्या बाजूनं हळूच आमच्याकडं बघितलं जातं. स्त्रीकथा, भोजनकथा, चोरकथा, राजकथा अशा चार विकथा सांगतात. साड्यांचे आणि घरांचे भाव म्हणजे यातलंच काहीतरी, अशी सर्वांची समजूत. राजकथा कट्ट्यावर बसून रोज कोण करतं, हे आम्ही विचारत नाही, ती गोष्ट वेगळी. पण प्रश्न खरा आहे. पैशाच्या या गप्पा म्हणजे निव्वळ विकथा काय?

मला वाटतं, हे विषयावरून ठरत नाही. बोलून उठल्यावर मनात काय उरलं, यावरून ते ठरतं. "तिच्या किचनला ग्रॅनाइट, माझ्याकडं कडप्पा" एवढंच उरलं असेल तर ती विकथाच. पण त्याच गप्पांतून एखादीला आपल्या घरच्या व्यवहाराकडं डोळे उघडून बघता आलं, तर तिला विकथा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आपल्यातल्या कितीजणींना पैशाचं शिक्षण दुसरीकडं कुठं मिळालं? बापानं सांगितलं नाही, नवऱ्यानं सांगितलं नाही. दहा रुपयांचा बिस्किटाचा पुडा दहालाच राहिला पण आतली बिस्किटं कमी झाली, हे एकीनं दुसरीला सांगितलं म्हणून कळलं. बहुतेक पाकिटांवर आता एका ग्रॅमचा दरही छापलेला असतो, तो बघून दोन पुड्यांची तुलना करायची, हेही अशाच गप्पांतून कळलं. छापील किमतीत सगळे कर धरलेले असतात, वर आणखी जीएसटी मागितला तर देऊ नये, हेही तसंच.

घराच्या बाबतीत तर या गप्पांची फारच गरज आहे. समजा, बाराशे चौरस फुटांचा फ्लॅट पाच हजारांच्या दरानं 60 लाखांना सांगितला. हे बाराशे म्हणजे सुपर बिल्टअप, त्यात जिना, लिफ्ट, पॅसेज सगळं धरलेलं. आत पाय ठेवून मोजलं तर कार्पेट साडेआठशे भरतं. म्हणजे खरा दर सात हजारांच्या वर गेला. 2016 च्या रेरा कायद्यानं हे कार्पेट काय ते ठरवून दिलंय. बाहेरच्या भिंती, बाल्कनी, डक्ट वगळून आतल्या भिंतींसह जी वापरायची जागा ती कार्पेट, आणि बिल्डरनं तीच सांगायची. नोंदणीकृत करार केल्याशिवाय किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम त्याला घेता येत नाही. 500 चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरचे किंवा 8 फ्लॅटपर्यंतचे प्रकल्प मात्र नोंदणीतून सुटतात आणि आपल्या गावाकडं अशाच छोट्या अपार्टमेंट जास्त. तिथं तर टेप घेऊन आपणच मोजायला हवं.

आपल्याला हे नवं वाटतं, पण शास्त्राला ते नवं नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात उमास्वामींनी एकेका अणुव्रताचे पाच पाच अतिचार सांगितले आहेत. लहानपणी पाठशाळेत आपण ते घोकले, अर्थाकडं कुणाचं लक्ष होतं! अचौर्याच्या अतिचारांत हीनाधिकमानोन्मान आहे. घेताना जास्त मापानं घ्यायचं, देताना कमी मापानं द्यायचं. साडेआठशे देऊन बाराशेचे पैसे घेणं याला दुसरं नाव शोधायची गरज नाही. त्याच यादीत विरुद्धराज्यातिक्रम आहे, राज्याचे नियम डावलून व्यवहार करणं असा त्याचा अर्थ सांगतात. आणि सत्याच्या अतिचारांत कूटलेखक्रिया आहे, म्हणजे खोटा कागद करणं.

या कूटलेखापाशी मला थांबायचं आहे. मापात फसवणारा बिल्डर असतो, त्याला आपण नावं ठेवतो. खोट्या कागदावर मात्र सह्या आपल्याही असतात.

माझ्या एका धाकट्या मामेबहिणीची गोष्ट सांगते. दोघा भावांनी मिळून बांधलेलं घर विकत घेतलं. ठरलेली किंमत 45 लाख. विकणाऱ्यानं आधीच सांगितलं, कागद 34 चा, वरचे 11 रोख. घरात कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. स्टॅम्प ड्युटी वाचते, सगळेच असं करतात, नाही म्हटलं तर घर हातचं जातं. 34 लाखांचा हिशेब सरळ होता, दोघा भावांच्या नावे कर्ज आणि दोघांची सारखी शिल्लक. पण बँक कर्ज देते ते कागदावरच्या किमतीवर. वरच्या 11 लाखांना बँक विचारत नाही. मग ते कुठून आले? बहिणीच्या पाटल्या, तोडे, माहेरचा राणीहार आणि शिवणकाम करून तिनं पतसंस्थेत ठेवलेली ठेव. वास्तुशांतीला सगळ्यांनी विचारलं, "किती पडलं?" आणि सगळ्यांना उत्तर मिळालं, "चौतीस."

चार वर्षांनी तिचा नवरा गेला. पुढं वाटणीचं बोलणं निघालं. दीर वाईट माणूस नाही. तो म्हणाला, "वहिनी, कागदाप्रमाणं करूया, निम्मं तुमचं, निम्मं माझं." कागदाप्रमाणं त्याचं बरोबरच होतं. अकरा लाख कागदात नव्हतेच. तिनं सोनं मोडल्याची पावती कुणी जपली नव्हती, रोख दिल्याची पावती तर कुणी देतच नाही. माझ्याजवळ येऊन ती म्हणाली, "अक्का, माझ्या पाटल्या त्या भिंतीत आहेत बघ, पण कागदात नाहीत."

मी तिला काय सांगणार होते? मला एवढंच दिसलं की ज्याला आपण "ब्लॅक" म्हणतो आणि पुरुषांच्या व्यवहाराची गोष्ट समजून स्वयंपाकघरात निघून जातो, तो भाग पुष्कळदा बायकांच्या अंगावरून उतरलेला असतो. पांढरी रक्कम नवऱ्याच्या पगारातून, कर्जातून जाते आणि तिला कागद मिळतो. काळी रक्कम सोन्यातून जाते आणि तिची खूणही राहत नाही. त्या 34 च्या खोट्या आकड्यानं सरकारचा कर बुडाला हे खरंच, पण तिचं देणंही त्यातच बुडालं.

यावर एक वहिनी मला म्हणाल्या, "तुमचं पटतं हो, पण घर घ्यायचं म्हटलं की विकणारा ऐकतोय काय? आम्ही भाड्याच्याच घरात मरायचं काय?" हा प्रश्न सोडून देण्यासारखा नाही. पगारदार माणसाला एक घर आयुष्यात एकदाच घेता येतं आणि समोरचा अडून बसतो. कर चुकवण्याचा लाभ मोठा कुणाला होतो आणि धोका कुणाला, हे पाहिलं तर विकत घेणारा फसलेलाच असतो. पुढं घर विकायची वेळ आली तर कागदावरची खरेदी किंमत कमी, म्हणून नफा जास्त दिसतो आणि त्यावरचा कर आपल्याच डोक्यावर येतो. 1 जून 2015 पासून घराजमिनीच्या विक्रीत 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला कायद्यानं बंदी आहे, आणि घेणाऱ्याला घेतली तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. हे विकणाऱ्याला शांतपणे सांगता येतं. तो ऐकेलच असं नाही. कधीकधी घर सोडावं लागेल, दोन वर्षं जास्त भाडं भरावं लागेल. व्रताला किंमत नसती तर त्याला व्रत कशाला म्हटलं असतं? मात्र ज्या बाईला ते परवडलं नाही, तिला मी पापी म्हणणार नाही. एवढंच म्हणेन, खोट्याला रीत म्हणू नका.

काहीजण इथं अनेकांत पुढं करतात. प्रत्येकाची बाजू असते, विकणाऱ्याचीही आहे, म्हणतात. असते की. अनेकांत बाजू समजून घ्यायला सांगतो. 45 ला 34 म्हणायला तो सांगत नाही.

आणि अपरिग्रह? श्रावकाला सगळं सोडायला सांगितलेलं नाही, परिमाण करायला सांगितलंय. क्षेत्र आणि वास्तू, म्हणजे शेत आणि घर, त्या यादीत सगळ्यात आधी येतात. किती हवं ते आपलं आपण ठरवायचं आणि तिथं थांबायचं. पण ज्या घरात कुणालाच खरा आकडा ठाऊक नाही, तिथं मर्यादा घालायची कशावर? नवऱ्याला बाराशे, जावेला अडीच हजार सांगता सांगता साडीची खरी किंमत आपल्यालाही आठवेनाशी होते. मग कपाटात किती आहे आणि किती पुरे, हे कळणार कसं? परिमाणाची सुरुवात खऱ्या हिशेबापासून होते, असं मला वाटतं.

म्हणून गप्पा बंद करा असं मी सांगणार नाही. उलट त्या जास्त करूया, पण खऱ्या करूया. साडी अठराशेची, तर सगळ्यांना अठराशेचीच. घर घेतलेल्या मैत्रिणीला विचारायचं, कार्पेट किती, कर्ज किती, हप्ता किती, कागद कुणाच्या नावे, तुझं सोनं त्यात गेलं काय आणि ते कुठं लिहिलंय काय. सुरुवातीला तिला राग येईल, चोंबडेपणा वाटेल. वाटू दे. सोनं मोडताना पावती आपल्या नावाची घ्या, पैसे आपल्या खात्यातून द्या, खरेदीपत्रावर आपलं नाव चढवा. सही करायच्या आधी कागद वाचून मागा, कन्नडमध्ये असेल तर कळेल अशा भाषेत कुणाकडून तरी समजावून घ्या. घरात कुणी म्हणालं, "तुला काय करायचंय त्यातलं?" तर सांगा, मला सही करायची आहे.

आणि आपल्या मुली शेजारी बसून हे सगळं ऐकत असतात. आई बाबांना एक किंमत सांगते आणि काकूला दुसरी, हे त्यांना फार लवकर कळतं. एखादीनं कधी "आई, खरं किती पडलं गं?" असं विचारलं तर तिला खरा आकडा सांगा, आणि तो कुणी दिला, हेही सांगा.