खाली लागंल

पहाटे चारला आक्का उठायची आणि पलंगावर बसून उजवा हात गोल गोल फिरवत राहायची. मध्येच पलंगाची कड खरवडायची. पुण्यातल्या त्या वृद्धनिवासाच्या नोंदवहीत याला ‘अस्वस्थता’ म्हटलं होतं. धरून निजवलं की ती ओरडायची, मग झोपेची गोळी.

आक्का माझी मावशी, वाशी तालुक्यातली. भूम-वाशीचा हा पट्टा खव्याचा. कुंथलगिरीचा पेढा याच खव्यावर नावारूपाला आला. पाच लिटर म्हशीच्या दुधाचा जेमतेम किलोभर खवा होतो आणि तोवर हात थांबवून चालत नाही. थांबला की दूध खाली लागतं. घरामागच्या भट्टीवर आक्काने चाळीस वर्षं हेच केलं. स्मृतिभ्रंश झाल्यावर तिला वृद्धनिवासात ठेवताना आम्ही औषधांची यादी दिली, तपासण्यांची फाईल दिली. भट्टीचं कुणालाच सांगितलं नाही. ते आम्हाला सुचायला हवं होतं.

रात्रपाळीला कळंबकडची एक सेविका आली. तिने फोन करून विचारलं, “घरी यांना काय म्हणता? आणि हाताला काम कसलं होतं?” दुसऱ्या पहाटे तिने आक्कासमोर रिकामी कढई आणि उलथणं ठेवलं. “हलवा आक्का, खाली लागंल.”

अर्ध्या तासाने आक्काने उलथणं बाजूला ठेवलं, पदराला हात पुसले, “झाला” म्हणाली आणि चहा मागितला.

म्हातारपण म्हणजे दुसरं बालपण, असं आपण सहज बोलून जातो. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ टॉम किटवुड यांनी १९९७च्या ‘डिमेन्शिया रिकन्सिडर्ड’ या पुस्तकात रुग्णाचं माणूसपण हिरावणाऱ्या वागणुकी नोंदवल्या; त्याला लहान मुलासारखं वागवणं ही त्यातलीच एक. मला ते पटतं. आक्का लेकरू झाली नव्हती. ती भट्टीवरची कर्ती बाई होती, फक्त समोर कढई नव्हती. स्मृतिभ्रंश बरा करणारं औषध अजून नाही. आजार वाढतच गेला, पुढे ती मलाही ओळखेना; पण पहाटेचं ओरडणं थांबलं होतं.

घरातल्या कुणाला अशा ठिकाणी ठेवायची वेळ आली, तर फाईलला एक कागद जोडा. घरी त्यांना काय म्हणतात, किती वाजता उठतात, कशाची भीती वाटते, हाताला कोणतं काम होतं, एवढं लिहा. आणि तो कागद रात्रपाळीच्या माणसालाही वाचायला द्या.