अर्धे माप

दिवाळीच्या पहाटे फटाका लावणारे पोर पाहण्यासारखे असते. हात होईल तेवढा लांब, हातात उदबत्ती आणि तोंड मात्र भलतीकडे! आवाज तर मोठा हवा, पण आपल्याला काही व्हायला नको. ते पाहून मीही हसतो. पण हसता हसता मला माझा उजवा खांदा आठवतो आणि १९६१ सालची दिवाळी आठवते.

आमचे घर पेणचे, आजोळ रोह्याकडचे, डोंगराच्या अगदी पायथ्याशी. जिल्हा तेव्हा कुलाबा होता. रायगड हे नाव १९८१ साली आले. पेणचे गणपती गावोगाव जाऊन बसले आणि उठले, की आम्हां मुलांचे डोळे दिवाळीच्या सुट्टीकडे लागत. नागोठण्यावरून जाणारी एस. टी. धरायची आणि आजोळ गाठायचे. तिकडे त्या दिवसांत घरात फराळ आणि शेतात राखण अशी दुहेरी धांदल असे. भात पिकून पिवळे झालेले. रात्री डोंगरातून रानडुकरे उतरत, पहाटे एखादे भेकर येई. आजोबांकडे पीकसंरक्षणाचा परवाना होता आणि एक ठासणीची बंदूक होती.

ती बंदूक भरायची कशी, हे आजच्या वाचकाला सांगायला हवे. नळीच्या तोंडातून आधी मापाने काळी दारू ओतायची. तिच्यावर काथ्याचा बोळा घालून गजाने ठासायचा. मग गोळी, पुन्हा बोळा. मागे घोड्याखाली टिकलीएवढी केप बसवली की बार तयार. म्हणजे बार केवढा व्हावा हे सर्वस्वी भरणाऱ्याच्या हाती. आजोबांचे माप म्हणजे बांबूचे एक तासलेले पेर होते.

मी तेरा वर्षांचा. हट्टच धरला, तेव्हा आजोबांनी एका फुटक्या मडक्यावर मला पूर्ण मापाचा बार काढू दिला. मडके शाबूत राहिले आणि मी मागच्या पेंढ्यात जाऊन पडलो. खांदा काळानिळा झाला. पुढच्या खेपेला बंदूक नुसती खांद्याला लावली तरी माझे डोळे आपोआप मिटू लागले.

धाकट्या मामांना दया आली. दुसऱ्या पहाटे माळ्यावर बसताना त्यांनी अर्धेच माप दारू घातली आणि म्हणाले, “आता धक्का नाही बसायचा. पण गोळीत जोर कमी आहे हो. जनावर पंधरा पावलांवर आलं तरच चाप ओढ. नाहीतर जाऊ दे.”

भेकर आले ते चाळीस पावलांवर. बांधावर उभे राहून कान हलवीत होते. मी थांबलो नाही. बार झाला, खांद्याला जेमतेम कोणी हात लावल्यासारखे वाटले, आणि खरे सांगतो, त्या क्षणी मला आनंद झाला तो धक्का न बसल्याचा! भेकर कोसळले, उठले आणि रानात शिरले. दवाने भिजलेल्या पातीवर रक्ताचे थेंब होते.

आजोबा आणि वाडीवरचा एक कातकरी म्हातारा माग काढीत निघाले. मला त्यांनी मुद्दाम बरोबर घेतले. ते भेकर सापडले तेव्हा दुपार कलली होती. एका ओहोळाच्या काठी ते पडले होते, आणि जिवंत होते. पुढचे काम आजोबांनी केले. परतताना बराच वेळ ते बोलले नाहीत. मग एवढेच म्हणाले, “दारू कमी घातली याचा मला राग नाही. पण दारू कमी होती, तर पावलं जास्त टाकायची होतीस. ती तू त्या मुक्या जिवाला टाकायला लावलीस.”

ते मांस त्यांनी त्या कातकऱ्याला दिले. घरात त्या दिवशी सागुती शिजली नाही.

प्रश्न असा, की आपल्याला बसणारा धक्का कमी करणे हे पाप आहे काय? मला तसे वाटत नाही. क्रिया आणि प्रतिक्रिया सारख्या असतात, हे न्यूटनने १६८७ साली लिहून ठेवले. गोळी जेवढ्या जोराने पुढे जाईल, तेवढ्याच जोराने बंदूक मागे येणार. मात्र गोळी हलकी करा, दारू कमी करा, बंदूक जड करा, म्हणजे खांद्याला सुख होते. अमेरिकेत हरणाची शिकार करणारे कितीतरी लोक आजही वापरलेली काडतुसे घरी पुन्हा भरतात. मुलांसाठी किंवा दुखऱ्या खांद्याच्या माणसासाठी ते दारू बेताने घालतात. त्यांचे म्हणणे खोटे नाही. धक्क्याला भिणारा माणूस ऐनवेळी डोळे मिटतो आणि गोळी भलतीकडे जाते. मऊ बार नेमका लागला, तर जनावराचे हालही कमी होतात. मामांची दया म्हणूनच चुकीची नव्हती. पण त्या दयेबरोबर पंधरा पावलांची अट होती. दया मी घेतली आणि अट सोडली.

पंडू राजाची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. मृगरूपातल्या किंदम ऋषीला त्याने बाण मारला. मृगया हा राजाचा धर्मच, असे तो म्हणाला. ऋषीने उत्तर दिले, की मारल्याचा दोष मी देत नाही. तू थोडा थांबायला हवे होतेस. माझ्या वाट्याला शाप आला नाही, पण दोष तोच.

कोणी म्हणेल, मुळात मारायचेच कशाला? गागोदे गाव आमच्याच पेण तालुक्यातले; विनोबांचा जन्म तिथे १८९५ साली झाला. त्यांच्या तालुक्यातल्या माणसाने दारूच्या मापांचा काथ्याकूट करावा, हे शोभत नाही खरे. आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आमची ती पारध इतिहासजमा केली. जंजिऱ्याच्या नबाबाचे शिकारीचे राखीव रान होते, ते मुरूड आणि रोहा तालुक्यांतले फणसाड १९८६ पासून अभयारण्य आहे. मला याचे समाधान वाटते.

पण समाधान वाटते, तेव्हाच माझा खांदा दुखतो. भेकर वाचले याचा आनंद मी पेणच्या घरात बसून घेतो. रात्रीतून रानडुकरांनी लोळवलेले भात मात्र डोंगराखालचा शेतकरी पाहतो. सरकार नुकसानभरपाई देते. त्यासाठी अर्ज, पंचनामे, हेलपाटे त्यालाच करावे लागतात. दया माझी आणि धक्का त्याचा! हेही अर्धे मापच झाले. आपण आपला त्रास कमी करतो तेव्हा तो नाहीसा होतोच असे नाही; पुष्कळदा तो नुसता दुसऱ्याच्या अंगावर जातो. नोकराला काढायचे तर चिठ्ठी पाठवायची, म्हाताऱ्या आईला नकार द्यायचा तर बायकोकडून कळवायचा. समोर गेलो असतो तर धक्का आपल्याला बसला असता.

म्हणून मी स्वतःपुरता एक साधा नियम केला आहे. खांद्यावरचे ओझे हलके करायला हरकत नाही. मात्र जेवढे हलके केले, तेवढी पावले आपण पुढे टाकावीत. ती टाकायची तयारी नसेल, तर चापाला बोट लावू नये.

यंदा नातवाने फटाक्याला उदबत्ती लावली, तीही तोंड फिरवून. मी त्याला रागावलो नाही. फक्त म्हणालो, “दूर उभा राहा, पण पलीकडे कोणी आहे का, ते आधी बघ.”