तांब्यावर उरलेलं

एखादा जळका बोर्ड हातात घ्या. मोटर स्टार्टरचा, इन्व्हर्टरचा, जुन्या टीव्हीचा, कुठलाही चालेल. भाग बसवलेली बाजू खाली करा आणि तांब्याची बाजू उजेडाकडे धरा. घाई नाही. सोल्डरच्या एका टाक्यावर बोट ठेवा आणि तिथून निघालेल्या रेषेमागे हळूहळू जा. ती कुठं वळते, कुठं रुंदावते, कुठं शेजारणीला बघून अंग चोरते, एवढंच बघत राहा.

या बोर्डावर आधी सगळीकडं तांबं होतं, साधारण 35 मायक्रॉन जाडीचं. नको ते फेरिक क्लोराईडनं खाल्लं. शाईखाली झाकलेलं तेवढं राहिलं. बोटाखाली आहे ती रेषा म्हणजे कुणीतरी राखून ठेवलेलं तांबं.

आमच्या वाशिमला तांब्याची याहून जुनी एक गोष्ट आहे. गावाचं प्राचीन नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. 1939 मध्ये इथं दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट मिळाला, आणि अशी स्वतंत्र शाखा होती हे अभ्यासकांना तेव्हा नीट कळलं. पटावर वंशावळ संस्कृतात आहे आणि गाव दान दिल्याचा तपशील प्राकृतात. तिथं कोरून काढलं ते अक्षर. माझ्या बोर्डावर कोरून झाल्यावर मागं राहतं ते अक्षर. त्या पटाला सोळाशे वर्षं झाली, तरी तो वाचता आला.

बोर्ड आखलेली माझी चौदा वर्षांपूर्वीची फाईल मात्र मला वाचता आली नाही.

रिसोडकडचे एक काका बोर्ड घेऊन आले होते. मीच बनवलेलं ऑटो स्टार्टरचं कार्ड: लाईट आली की विहिरीवरची मोटर आपोआप सुरू करायचं, तीनपैकी एक फेज गेला की बंद करायचं. लाईट रात्री येते तेव्हा हे कार्ड म्हणजे शेतकऱ्याची झोप. "भाऊ, मोटर धरूनच नाही राह्यली. असंच दुसरं करून दे." मी हसत हो म्हटलं आणि फाईल उघडायला गेलो. सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीला ती ओळखता येईना. जुनी आवृत्ती चालवायला जी परवान्याची किल्ली लागे, ती मेलेल्या कॉम्प्युटरबरोबर गेलेली. शेवटी जळका बोर्ड स्कॅन केला आणि तीन रात्री त्यावरून रेषा गिरवल्या. सॉफ्टवेअरचं नाव सांगत नाही. प्रत काढून न ठेवण्याचा गाढवपणा माझाच होता.

त्या तीन रात्रींनंतर बोर्ड आखायचं सॉफ्टवेअर जोखायची माझी रीतच बदलली.

आता बोर्ड खाली ठेवा. डोळे मिटले तरी चालेल. कोरा चौकोन मनात आणा, 100 बाय 80 मिलिमीटरचा. ईगल या बोर्ड आखायच्या सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती एवढीच जागा द्यायची आणि तांब्याचे दोनच थर. ईगल 1988 चं, जर्मनीतल्या कॅडसॉफ्टचं. त्या चौकोनात ट्रान्सफॉर्मर बसवायचा, दोन रिले, वायरी कसायचे टर्मिनल. शिवाय 230 व्होल्टची रेषा आणि पाच व्होल्टची रेषा यांच्यात मी आठ मिलिमीटर मोकळे सोडतो, ती जागा वेगळीच. सुरुवातीला ही मर्यादा जाचायची. पुढं कळलं की भाग कुठं ठेवायचा यातच निम्मं काम असतं. भाग नीट बसले तर रेषांना फारसं वळावंच लागत नाही. अडचणीच्या खोलीत संसार मांडणाऱ्या बाईला हे शिकवावं लागत नाही.

ईगलमध्ये क्रिया आधी निवडायची आणि मग वस्तूवर टिचकी मारायची. 'हलव' म्हणायचं, मग काय ते दाखवायचं. किकॅड या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मी आधी भागापाशी जातो आणि मग एम दाबतो. कर्म आधी, क्रियापद शेवटी, आपल्या मराठी वाक्यासारखं. ईगलनं माझ्या हाताला कितीतरी वर्षं उलटं वाक्य बोलायला लावलं, आणि हात ते निमूट बोलत राहिला. किकॅडवर आलो तेव्हा पहिले दोन महिने माझंच सगळं चुकत होतं. सवय मोडताना त्रास झाला की आपण नव्या हत्याराला नावं ठेवतो. मीही ठेवली.

किकॅड 1992 मध्ये फ्रान्सच्या ग्रेनोब्लमध्ये जाँ-पिएर शारास या प्राध्यापकानं सुरू केलं. 2013 पासून सर्न या अणुसंशोधन संस्थेनं त्यात माणसं घातली. नवी रेषा ओढताना आधीच्या रेषा आपण होऊन बाजूला सरकतात, ती सोय तिथूनच आली. गर्दीच्या एसटीत कुणी चढलं की बाकीचे जसे सरकून घेतात, तसं. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी काम सोडून नुसतीच रेषा इकडून तिकडं ढकलत बसलो होतो. पण जुनं किकॅड सोपं नव्हतं. सर्किटच्या आकृतीतलं चिन्ह वेगळं, बोर्डावर भागाचे पाय बसतात तो ठसा वेगळा, दोघांची गाठ आपणच घालायची. एका रिलेचा चुकीचा ठसा निवडून मी बोर्डांचा एक अख्खा गठ्ठा वाया घालवला आहे.

अल्टियमबद्दल थोडक्यात. टास्मानियात 1985 मध्ये प्रोटेल म्हणून सुरू झालेलं हे सॉफ्टवेअर; आता मालकी जपानच्या रेनेसासकडं. एका मित्राकडं महिनाभर वापरलं. अनेक थरांच्या, वेगवान सिग्नलच्या बोर्डांसाठी उत्तमच. परवाना मात्र लाखांत जातो, आणि माझ्या दुकानात स्टार्टरची कार्डं बनतात.

आता पुन्हा बोर्ड हातात घ्या आणि सांगा, तो कशात आखलाय? ओळखता येणार नाही. कारखान्याला जाते ती गर्बर फाईल. तिच्यातून तांब्यावर उतरतं ते फक्त जागा, जाडी आणि आकार. कुणी फुकटच्या साधनात आखलं आणि कुणी लाखांच्या, तांब्याला पत्ता नसतो. म्हणून 'सगळ्यात चांगलं कोणतं' हा प्रश्न मला आता फारसा पडत नाही. वीस वर्षांनी काका पुन्हा आले तर फाईल उघडेल का, एवढंच मी विचारतो. किकॅडची फाईल साधा मजकूर आहे, नोटपॅडमध्येही उघडते. रिले कुठं ठेवलाय ते डोळ्यांनी वाचता येतं. ईगलची फाईलही सहाव्या आवृत्तीपासून वाचता येण्याजोगी झाली. पण ईगल 2016 मध्ये ऑटोडेस्कनं घेतलं, पुढच्याच वर्षी ते वर्गणीवर गेलं, आणि 7 जून 2026 पासून ते बंद होईल असं कंपनीनं 2023 मध्येच जाहीर केलं. ज्या साधनानं मला जागा वापरायला शिकवलं, ते माझ्या डोळ्यांदेखत आवरून निघालं. वाईट वाटलं. राग नाही आला.

तुमच्याकडं ईगलच्या फायली असतील तर हे एवढं करा. सहाव्या आवृत्तीच्या आधीच्या असतील तर नव्या ईगलमध्ये उघडून पुन्हा सेव्ह करून घ्या, मग किकॅडमध्ये आयात करा. ठसे एकेक करून तपासा, विशेषतः रिलेचे. गर्बर वेगळी काढून ठेवा. आणि आकृतीची एक प्रत कागदावर छापून दुकानाच्या कपाटात ठेवा.